कॉर्व्हेट सी-३ की लँड क्रूझर एफजे-४०? खरेदीआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेव्हरले कॉर्व्हेटची तिसरी पिढी आणि टोयोटा लँड क्रूझर एफजे-४० या गाड्यांबद्दल हे पान आहे. अमेरिकेत राहणारे मराठी लोक जुनी गाडी घ्यायचे ठरवतात तेव्हा ही जोडी बरेचदा समोर येते. सगळे सल्ले प्रत्यक्ष गाडीखाली आडवे होऊन तपासता येतील असेच आहेत.

एक स्पोर्ट्स कार, दुसरी डोंगरदऱ्यांतली गाडी. यांची तुलना होते तरी कशी?

दिसायला दोघींत काहीच साम्य नाही, पण पत्र्याखाली बरेच आहे. दोन्ही गाड्यांना वेगळी पोलादी चेसिस आहे आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली आहे. दोघींचे वजन साधारण दीड टनाच्या आसपास. १९८२ ची कॉर्व्हेट सोडली तर दोन्ही कार्बोरेटरवर चालतात आणि लिटरला पाच-सहा किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाहीत. काळही एकच: सी-३ कॉर्व्हेट १९६८ ते १९८२ या वर्षांची, तर एफजे-४० १९६० ते १९८४. अमेरिकेत ती अधिकृतपणे १९८३ पर्यंत विकली गेली.

फरक आहे तो दोष लपण्याच्या जागांत. कॉर्व्हेटची बॉडी कधीच गंजत नाही, म्हणून तिच्या आत गंजणारे पोलाद कोणी बघत नाही. एफजे-४० ची बॉडी सगळ्यांसमोर गंजते, म्हणून गंज झाकण्यासाठी लांबी (पुट्टी) भरून रंग मारला जातो. खरेदीचा निर्णय इथेच लागतो. इंजिन ही दोन्ही गाड्यांतली सर्वांत सहज दुरुस्त होणारी वस्तू आहे.

कॉर्व्हेट कोणत्या वर्षाची पाहावी?

१९६८ चे पहिले वर्ष घाईचे होते. फटी, दारे, वायरिंग यांत त्या वर्षीच्या गाड्यांना जास्त काम लागते. १९६९ मध्ये छोटे इंजिन ३२७ घनइंचांवरून ३५० वर गेले आणि ‘स्टिंगरे’ हे नाव एका शब्दात फेंडरवर आले. पुढे-मागे क्रोमचे बंपर १९७२ पर्यंत राहिले. १९७३ मध्ये पुढचा बंपर युरेथेनचा झाला आणि १९७४ मध्ये मागचाही. ४५४ घनइंचांचे मोठे इंजिन १९७४ नंतर मिळाले नाही. १९७५ हे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाचे) पहिले आणि या पिढीतल्या उघड्या टपाचे शेवटचे वर्ष. १९७८ मध्ये मागे मोठी वळणदार काच आली. कारखाना मिसुरीतल्या सेंट लुईसचा. १९८१ मध्ये उत्पादन केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला हलले.

क्रोम बंपरच्या गाड्यांना भाव जास्त असतो आणि तो योग्यही आहे, कारण त्यांत इंजिनही दमदार आहे. पण संग्रहासाठी नव्हे तर चालवण्यासाठी घ्यायची असेल, तर १९७३ किंवा १९७४ ची ३५० इंजिन आणि चार गिअरची गाडी हा आमच्या मते सर्वांत समजूतदार पर्याय आहे.

आणि एफजे-४० कोणत्या वर्षाची?

१९७४ पासून चार गिअर आले. १९७५ मध्ये ३.९ लिटरच्या ‘एफ’ इंजिनाच्या जागी ४.२ लिटरचे ‘२एफ’ आले. अमेरिकेतल्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक १९७६ पासून मिळाले. पेट्रोलची टाकी बरीच वर्षे शेजारच्या सीटखाली, म्हणजे केबिनच्या आतच होती. ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस मागे, बॉडीखाली गेली. सीटखाली टाकी असलेली गाडी घेतलीच, तर भरण्याच्या नळीचे रबर आणि वाफेच्या नळ्या पहिल्याच आठवड्यात बदला. केबिनमध्ये पेट्रोलचा वास ‘जुन्या गाडीत असतोच’ म्हणून सोडून देऊ नका.

कोलंबियातून आणलेल्या, चकाचक रंगवलेल्या एफजे-४० अमेरिकेच्या बाजारात बऱ्याच दिसतात. त्यांतल्या काही उत्तम आहेत, काही नुसत्या लांबीवर उभ्या आहेत. चुंबकाशिवाय त्यांच्या जवळ जाऊ नये. ब्राझीलमध्ये बनलेली बांदेइरांते दिसायला सारखीच असली तरी तिच्यात बहुतेक वर्षांत मर्सिडीजचे डिझेल इंजिन असते, त्यामुळे सुट्या भागांचा हिशेब वेगळा होतो.

१९७१ च्या कॉर्व्हेटला २७० अश्वशक्ती आणि १९७२ च्या तशाच गाडीला २००. एवढी घट?

बरीचशी घट मोजण्याच्या पद्धतीची आहे. १९७१ पर्यंत जाहिरातीत इंजिन एकटेच, म्हणजे एअर फिल्टर, संपूर्ण एक्झॉस्ट, पंखा वगैरे जोडण्या न लावता मोजलेली शक्ती छापत. १९७२ पासून गाडीत असते तसे, सगळ्या जोडण्यांसह मोजलेले आकडे आले. खरी घट कॉम्प्रेशन कमी केल्यामुळे आणि १९७५ पासून कन्व्हर्टरमुळे झाली. त्या वर्षीचे मूळ ३५० इंजिन १६५ अश्वशक्तीवर उतरले होते. ‘२एफ’चा आकडा १३५ च्या आसपास असतो, पण ते इंजिन मिनिटाला अगदी कमी फेऱ्या असतानाच जोर देते. चढावर हे इंजिन रडत नाही.

कॉर्व्हेट फायबरग्लासची आहे. मग गंज कुठून येतो?

फायबरग्लास फक्त कातडे आहे. आत विंडशील्ड, दारे आणि छताभोवती पोलादाचा सांगाडा आहे, त्याला सगळे ‘बर्डकेज’ म्हणतात. विंडशील्डच्या कडेने पाणी मुरते आणि वर्षानुवर्षे या सांगाड्यात साचते. बाहेरून रंग आरशासारखा आणि आत पोलादाचा भुगा, अशी गाडी पाहायला मिळणे मुळीच दुर्मिळ नाही.

तपासणीचा क्रम असा ठेवा. आधी विंडशील्डच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांतली चमकदार पट्टी थोडी सोडवून पाहू द्यायला मालक तयार आहे का, ते विचारा. तयार नसेल तर तेही उत्तरच समजा. मग पायाजवळच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिक पट्ट्या काढा. चार-सहा स्क्रू असतात, दहा मिनिटांचे काम. आत टॉर्च मारून दारांच्या बिजागऱ्यांचे खांब आणि बॉडी माउंट पाहा. पापुद्रे सुटत असतील किंवा स्क्रूड्रायव्हर आत रुतत असेल, तर बॉडी चेसिसवरून उचलल्याशिवाय नीट दुरुस्ती होत नाही. तो खर्च गाडीच्या किमतीइतकाही होऊ शकतो.

त्यानंतर चेसिस. मागच्या चाकांच्या पुढे चेसिसचे रूळ, म्हणजे दोन लांब दांडे, वर वळतात. त्या वळणाच्या पोटात चिखल अडकतो आणि आतून गंज लागतो. लहान हातोडीने टकटक करत जा. चांगले पोलाद खणखणते, कुजलेले बद्द वाजते. बाहेरून काळा अंडरकोट जाड आणि ताजा असेल, तर दुप्पट वेळ वाजवा.

शेवटी फायबरग्लासचे सांधे. चाकाच्या कमानीतून आत पाहिले की पत्रे जोडणाऱ्या पट्ट्या दिसतात. मूळ पट्ट्या सरळ आणि एकसारख्या असतात. एका बाजूची पट्टी गायब असेल किंवा तिथे हाताने थापलेली मॅट दिसत असेल, तर त्या बाजूला ठोकर बसून दुरुस्ती झाली आहे. दुरुस्ती होणे हा गुन्हा नाही, ती लपवून भाव लावणे हा प्रश्न आहे.

एफजे-४० मध्ये गंज शोधायचा तर नेमका कुठे?

मागून सुरुवात करा. मागच्या दाराखालचा आडवा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी आणि त्यांच्या मागचे खालचे कोपरे सर्वांत आधी जातात. मग दारांखालची पट्टी, विंडशील्ड फ्रेमचा तळ, बॅटरीखालचा पत्रा आणि रबरी चटईखालची जमीन. कडक छप्पर असेल तर त्याच्या कडेची पन्हळ बोटाने चाचपा. तिथे लांबीचा गुळगुळीत थर लागला तर आतली पन्हळ बहुधा उरलेलीच नसते.

चुंबक पातळ फडक्यात गुंडाळा, म्हणजे रंगाला ओरखडे पडत नाहीत. दरवाजाच्या मध्यभागी तो किती जोराने चिकटतो ते आधी बघा, कारण तिथे मूळ पत्रा असण्याची शक्यता जास्त. मग तसाच खालच्या कोपऱ्यांकडे सरकवत न्या. पकड ढिली झाली तिथे लांबी आहे. पुसटशी ढिली असेल तर ठीक, चुंबक सरळ खाली पडला तर तो तुकडा नवा बसवावा लागणार.

चेसिसमध्ये मागचा आडवा दांडा आणि पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल जिथे बसतात ते कान पाहा. चेसिस पेटीसारखी बंद आहे, त्यामुळे आत माती साचून ओल धरते. रूळावरच्या भोकात बोट घालून ओली माती निघते का ते बघा.

दिलासा एवढाच की एफजे-४० च्या बॉडीचे पत्रे बरेचसे सपाट आहेत. चांगला डेंटर ते कापून, वाकवून, वेल्ड करून बसवू शकतो. बर्डकेजच्या दुरुस्तीला मात्र त्याच कामाचा माणूस लागतो.

मूळ इंजिन आहे हे कसे ओळखायचे?

कॉर्व्हेटचा गाडी क्रमांक (कारखान्याचा, नंबरप्लेटवरचा नव्हे) डाव्या बाजूच्या विंडशील्ड खांबावर काचेतून दिसतो. १९७२ ते १९८० च्या गाड्यांत त्या क्रमांकातला पाचवा अंक किंवा अक्षर इंजिनचा प्रकार सांगते. इंजिनच्या पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या समोर एक सपाट पॅड आहे. तिथे इंजिनचा कोड आणि गाडी क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. ते जुळले म्हणजे काम संपले असे नाही. कारखान्यात तो पॅड यंत्रावर घासताना एका दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा पडत. रेघा नसतील, पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल किंवा आकडे वाकडेतिकडे असतील, तर जुने आकडे घासून नवे ठोकल्याचा संशय घ्यावा. ब्लॉकच्या मागच्या बाजूची ओतकामाची तारीख गाडी बनल्याच्या तारखेआधीची असलीच पाहिजे.

एफजे-४० चा क्रमांक चेसिसच्या पुढच्या उजव्या रुळावर ठोकलेला असतो आणि इंजिनखोलीतल्या पाटीवरही असतो. चेसिसवरचा आकडा रंगाखाली गेलेला असेल तर घासून वाचा आणि कागदपत्रांशी पडताळा. इंजिन क्रमांकाची सुरुवात ‘एफ’ किंवा ‘२एफ’ अशी असते, तेवढ्यावरूनही बदललेले इंजिन ओळखू येते.

महामार्गावर कोणती बरी?

कॉर्व्हेट, वादच नाही. आकडे मांडून पाहा. २९ इंची टायर आणि ४.११ गुणोत्तराचे डिफरन्शियल (चाकांना शक्ती वाटणारी गिअरपेटी) असलेल्या एफजे-४० चे इंजिन ताशी ९७ किलोमीटरला मिनिटाला सुमारे २८६० फेऱ्या घेते. २७ इंची टायर आणि ३.३६ डिफरन्शियलची चार गिअरची कॉर्व्हेट त्याच वेगाला सुमारे २५१० घेते, आणि तिच्या व्ही-८ ला तो नुसता फेरफटका असतो. एफजे-४० ची खरी आरामाची हद्द ताशी ९० किलोमीटर. त्यापुढे आवाज, वारा आणि स्टिअरिंगची चुळबुळ थकवून टाकते.

खराब रस्त्यावर चित्र उलटे होते. कॉर्व्हेटचे नाक लांब आणि खाली आहे, साध्या गतिरोधकालाही ते घासू शकते.

कॉर्व्हेटचा ब्रेक पेडल चार दिवसांनी खाली जातो. गळती तर दिसत नाही, मग का?

हा या गाडीचा सर्वांत जुना आणि सर्वांत गैरसमज असलेला आजार आहे. चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि प्रत्येक कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) चार पिस्टन आहेत. डिस्क किंचित वाकडी फिरत असेल तर प्रत्येक फेरीला पिस्टन आत-बाहेर ढकलले जातात. मूळ सीलची ओठासारखी कड आतला दाब धरते, पण या हालचालीत बाहेरची हवा आत ओढून घेते. तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. लोक पुन्हा पुन्हा हवा काढतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

डायल गेज लावून डिस्कचा वाकडेपणा मोजा. ०.००५ इंच, म्हणजे ०.१३ मिलिमीटर, ही वरची मर्यादा. ०.००२ ते ०.००३ इंचांवर आणलात तर वर्षानुवर्षे शांतता. कारखान्यात डिस्क हबला रिव्हेट मारून मग एकत्र घासलेली होती. नवी डिस्क नुसती सरकवून बसवली की वाकडेपणा येतो. ती हबवर एकेक भोक फिरवून सर्वांत कमी वाकडेपणाची जागा शोधा, गरज पडल्यास पातळ शिम (पत्र्याची चकती) घाला. कॅलिपर घेताना आत स्टेनलेस स्टीलचे अस्तर (स्लीव्ह) बसवलेलेच घ्या, कारण जुने बीडाचे छिद्र ओलाव्याने खडबडीत होते. ओठाच्या सीलऐवजी गोल रिंगचे सील असलेले पिस्टनही मिळतात, ते हवा ओढत नाहीत. तरी वाकडी डिस्क सरळ न करता नुसते ते घालणे म्हणजे तापावर गोळी घेऊन जखम तशीच ठेवणे.

हवा काढताना लक्षात ठेवा: मागच्या प्रत्येक कॅलिपरला दोन निपल आहेत, आतले आणि बाहेरचे. पुढच्यांना एकेक. एकूण सहा. आतले निपल विसरले जाते आणि पेडल मऊच राहतो.

एफजे-४० चे ड्रम ब्रेक एका बाजूला का ओढतात?

जुन्या एफजे-४० मध्ये चार चाकांना मिळून आठ व्हील सिलिंडर आहेत, प्रत्येक चाकात दोन. त्यांतला एक जरी अडकला तरी गाडी ओढते. प्रत्येक चाकाला दोन ॲडजस्टरही आहेत आणि लोक एकच फिरवून मोकळे होतात. चाक उचला, एक ॲडजस्टर फिरवत चाक अडेपर्यंत न्या, मग चाक किंचित घासत मोकळे फिरेल इतका मागे घ्या. तसेच दुसऱ्याचे. चारही चाके एकाच दिवशी करा. पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम ओले असतात, तेव्हा हलका ब्रेक दाबून थोडे अंतर चालवून ते वाळवावे.

हँडब्रेक चाकांवर नसून बऱ्याच वर्षांच्या गाड्यांत ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या) मागे स्वतंत्र ड्रमवर आहे. तिथला ऑइल सील गळला की ड्रम तेलाने माखतो आणि हँडब्रेक धरत नाही. सील बदलल्याशिवाय नुसते लायनर बदलू नका.

कॉर्व्हेटची मागची चाके वरून आत झुकलेली दिसतात. दोष कोणता?

मागे प्रत्येक चाक स्वतंत्र आहे, आडवा पाटा दोन्ही बाजूंना पसरलेला आहे आणि हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) हेच वरच्या आधाराचेही काम करतात. म्हणजे शाफ्टची बाजूची ओढ थेट डिफरन्शियलमधल्या योकवर (शाफ्ट जोडणाऱ्या काट्यावर) येते. १९७९ पर्यंतच्या गाड्यांत योकचे टोक आत पिनेवर घासत राहते. टोकाचा कडक थर झिजला की झीज झपाट्याने वाढते, योक आत सरकतो आणि चाक झुकते. गाडी उचलून चाक वर-खाली धरून आत-बाहेर हलवा आणि डिफरन्शियलपाशी योकवर नजर ठेवा. योक आत-बाहेर सरकताना दिसला तर डिफरन्शियल उघडावे लागेल.

हे करताना हाफ शाफ्टचे क्रॉसही (युनिव्हर्सल जॉइंट) पाहा, कारण क्रॉस तुटला तर चाकाचा आधारच जातो. मागच्या चाकांच्या बेअरिंगना ग्रीस निपल नाही. त्यांची आत-बाहेरची हालचाल ०.००१ ते ०.००८ इंच हवी. ती जास्त असेल तर ट्रेलिंग आर्म (चाक धरणारा लांब दांडा) काढून खास उपकरणांवर बांधणी करावी लागते. हे घरी करण्याचे काम नाही. संपूर्ण आर्म बांधून देणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे पाठवा. आर्म काढताना पुढच्या बोल्टपाशी दोन्ही बाजूंच्या शिमची संख्या आणि जाडी लिहून ठेवा, नाहीतर चाकांची दिशा बिघडते. तो बोल्ट गंजून बसलेला असतोच, करवतीची तयारी ठेवा.

एफजे-४० च्या पुढच्या चाकांमागून काळे पातळ ग्रीस गळते. गाडी चालवू का?

थोडे दिवस चालेल, पण काम पुढे ढकलू नका. ॲक्सलच्या नळीतले आतले ऑइल सील गेले की डिफरन्शियलचे तेल नकलमध्ये (पुढचे चाक वळवणाऱ्या सांध्यात) येते आणि ग्रीसमध्ये मिसळून आमटी होते. मग सांध्याला जाड ग्रीस मिळत नाही, डिफरन्शियलचे तेल कमी होते, ड्रमही माखू शकतो.

दोन्ही बाजू एकदमच करा. आतली दोन ऑइल सील, नकलमागचे फेल्ट-रबरचे संच, चार किंगपिन बेअरिंग (ज्यांवर नकल वळते), चाकांची बेअरिंग आणि गॅस्केट घ्या. मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस दोन्ही बाजूंना मिळून दीड-दोन किलो लागते. स्टिअरिंग आर्मच्या नटांखाली शंकूच्या आकाराचे वॉशर आहेत, ते नुसते ओढून निघत नाहीत. पितळी दांडा लावून आर्मवर ठोका, मग उडून निघतात. किंगपिन बेअरिंगचा ताण स्प्रिंगकाट्याने मोजा आणि शिम घालून पुस्तिकेतल्या मापावर आणा. ताण कमी पडला तर खड्ड्यावर स्टिअरिंग थरथरते. काम झाल्यावर आठ-नऊशे किलोमीटरनी आर्मचे नट पुन्हा आवळा. हे नट ढिले होणे या गाडीत जिवावरचे आहे.

महिंद्राच्या जुन्या जीपवर हात बसलेल्या मिस्त्रीला ही रचना लगेच कळते. तिथेही पाटे, ड्रम, किंगपिन आणि नकलमधले सील असेच आहेत.

कॉर्व्हेट गर्दीत तापते. मोठा रेडिएटर घालू का?

आधी हवा कुठून जाते ते बघा. ही गाडी हवा मुख्यतः बंपरखालून घेते. पुढची खालची पट्टी तुटली असेल किंवा रेडिएटरभोवतीचे फोम-रबरचे सील गळून पडले असतील, तर हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटते. सील स्वस्त आहेत, एका दुपारचे काम. मग रेडिएटर आणि एसीच्या जाळीमधला कचरा काढा, पंख्याचा क्लच तपासा आणि टायमिंग लाइट लावा. टायमिंग मागे पडले असेल तरी इंजिन तापते. नव्या रेडिएटरचा नंबर यानंतर.

कॉर्व्हेटचे हेडलाइट वर येत नाहीत किंवा एकच येतो?

ते इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतात. नळीचा प्रत्येक सांधा, मग रिले, मग डायाफ्रॅम, या क्रमाने शोधा. सगळ्या नळ्यांचा संच एकदम बदलणे वेळ वाचवते. १९७२ पर्यंतच्या गाड्यांत वायपरवरचे झाकणही असेच उघडते.

ट्यूनिंगची मूळ मापे कोणती?

३५० इंजिनचा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२. पॉइंटच्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या यांत्रिक स्विचच्या) गाड्यांत ड्वेल, म्हणजे पॉइंट बंद राहण्याचा कोन, ३० अंश. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला छोटी खिडकी आहे, तिच्यातून इंजिन चालू असतानाच ॲलन चावीने ड्वेल जुळवता येते, ही फार सोयीची रचना आहे. प्लगची फट ०.०३५ इंच. १९७५ पासून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले, तिथे पॉइंट नाहीत. टॅपेट (कॅमवरून व्हॉल्व्ह उचलणारे भाग) बहुतेक गाड्यांत हायड्रॉलिक आहेत, १९७० ते १९७२ च्या एलटी-१ या जास्त शक्तीच्या ३५० इंजिनात मात्र घन टॅपेट असल्याने ते नियमित सेट करावे लागतात.

‘एफ’ आणि ‘२एफ’चा क्रम १-५-३-६-२-४. ड्वेल ४१ अंश. टॅपेटची फट, इंजिन पूर्ण गरम असताना: इनटेक ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.३५. टायमिंगची खूण पुढच्या पुलीवर शोधू नका, ती फ्लायव्हीलवर आहे आणि बेल हाउसिंगच्या खिडकीतून दिसते. इंजिन रिकामे चालताना बंद पडत असेल आणि पेडल दाबल्यावर ठीक असेल, तर कार्बोरेटर उघडण्याआधी आयडल सोलेनॉइडला करंट येतो का ते पाहा. मॅनिफोल्डपाशी टिकटिक ऐकू आली तर गॅस्केट फुटले आहे किंवा मॅनिफोल्डला चीर गेली आहे. गॅस्केट बदलताना मॅनिफोल्ड सपाट आहे का ते पट्टी लावून तपासा, नाहीतर नवे गॅस्केटही फुटते.

इंजिन ऑइल कोणते आणि किती?

दोन्ही इंजिनांत कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात, रोलर नाहीत. त्यासाठी जस्त-फॉस्फरसचे संयुग भरपूर असलेले ऑइल हवे, दहा लाखांत १००० ते १२०० भाग इतके. आजच्या साध्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेले असते. ३५० ला फिल्टरसह सुमारे ४.७ लिटर, ‘२एफ’ला सुमारे ८ लिटर. नवा कॅम बसवला असेल तर पहिली वीस मिनिटे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास ठेवा, रिकामे चालवू नका. कॅम त्या वीस मिनिटांतच टिकतो किंवा बिघडतो.

इथेनॉल मिसळलेले पेट्रोल चालेल का?

चालेल, पण जुने रबर चालणार नाही. अमेरिकेत दहा टक्के आणि भारतात वीस टक्के इथेनॉल आता सर्रास मिळते. जुन्या नळ्या आतून फुगतात, मऊ होतात आणि त्यांचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. जे३०आर९ प्रतीच्या नळ्या, नवा पंप आणि नवी सुई-सीट घाला. गाडी दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरा आणि स्टॅबिलायझर टाका, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि अर्धीच भरलेली टाकी आतून गंजते.

कॅलिफोर्नियात राहतो. धूर तपासणीचे काय?

१९७५ आणि त्याआधीच्या मॉडेल वर्षांच्या पेट्रोल गाड्यांना तिथे सूट आहे. १९७६ ची डिस्क ब्रेकवाली एफजे-४० तपासणीत येते आणि तिच्यावर मूळ एअर पंप, नळ्या, व्हॉल्व्ह सगळे जागेवर लागते. ते आधीच्या मालकाने काढून फेकलेले असेल तर भाव ठरवतानाच तो खर्च धरा.

एफजे-४० मध्ये शेव्हरलेचे ३५० इंजिन बसवलेले दिसते. घ्यावी का?

ही अदलाबदल इतकी जुनी आणि सर्रास आहे की तिच्यासाठी तयार ॲडाप्टर मिळतात. नीट केलेले काम भरवशाचे असते. पण रेडिएटर, एक्झॉस्ट, प्रॉपेलर शाफ्टचे कोन आणि ब्रेक त्या शक्तीला साजेसे केलेत का, हे पाहा. दुप्पट शक्ती आणि जुने ड्रम ब्रेक ही जोडी धोक्याची. मूळ ‘२एफ’ चालू स्थितीत असेल तर ते काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मूळ गाडीला भावही जास्त मिळतो आणि ते इंजिन ज्या संथपणे खडकांवरून गाडी नेते, ते व्ही-८ ला जमत नाही.

सुटे भाग मिळतात का?

कॉर्व्हेटचे जवळजवळ सगळे मिळते, अगदी गालिच्यापासून चेसिसपर्यंत. दर्जा मात्र तपासून घ्या, रबरी सील आणि क्रोमचे भाग दोन विक्रेत्यांचे सारखे नसतात. एफजे-४० चे यांत्रिक भाग सहज मिळतात. टोयोटाने २०२१ मध्ये ४० मालिकेचे काही भाग पुन्हा बनवण्याची घोषणा केली. अवघड जातात ते मूळ कडक छपराचे भाग, आतल्या छोट्या क्लिपा आणि सुस्थितीतले सीट. ते गाडीसोबतच मिळायला हवेत.

भारतात नोंदणी होईल का?

५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप न बदललेल्या खासगी गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम केले. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे मुंबई-पुणे रोज ये-जा करण्याचा बेत आधीच सोडा. मूळ स्वरूपाची अट पाहता ३५० इंजिन घातलेली एफजे-४० इथे अडचणीत येईल. परदेशातून आणायची असेल तर पैसे देण्याआधी आयातीच्या चालू अटी आणि सीमाशुल्क लेखी तपासून घ्या.

हाताने काम शिकायचे आहे, पहिलीच जुनी गाडी. कोणती?

एफजे-४०, आणि तीही पत्रा चांगला पण इंजिन थकलेले असेल अशी. गाडीखाली बसायला जागा आहे, प्रत्येक बोल्ट दिसतो, पाना फिरतो. काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल आणि रविवारी सकाळी लांब रस्त्यावर चालवायची असेल, तर कॉर्व्हेट. मात्र बर्डकेज पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

तपासणीला जाताना सोबत काय न्यावे आणि गाडी चालवत आणताना काय काळजी घ्यावी?

टॉर्च, फडक्यात गुंडाळलेला चुंबक, लहान हातोडी, चपटा स्क्रूड्रायव्हर, छोटा आरसा, जॅक आणि दोन स्टँड, कंप्रेशन गेज. इंजिन गार असताना पोहोचा आणि मालकाला आधीच कळवा की ते सुरू करू नका. गार इंजिन कसे सुरू होते, धूर कोणत्या रंगाचा येतो, यातून निम्मी परीक्षा होते. सुरू करताना निळा धूर आला आणि थांबला तर व्हॉल्व्हचे सील. चालताना येतच राहिला तर पिस्टन रिंग.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीन आकडी असेल तर टायर २००० च्या आधीचा आहे. दहा वर्षांहून जुन्या टायरवर, नक्षी कितीही खोल असली तरी, गाडी महामार्गावर आणू नका, ट्रेलर बोलवा. चालवत आणायचीच ठरली तर फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सर, मीटरभर पेट्रोल नळी, क्लॅम्प, पाच लिटर पाणी, दोन लिटर ऑइल आणि अग्निशामक सोबत ठेवा. पहिल्या तीस किलोमीटरनंतर थांबून चारही हबना हात लावून पाहा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग गेले आहे. तिथून पुढे गाडी ट्रेलरवरच घ्या.